काल हरलो म्हणून आज घाट पळवू नका: फुटबॉल सरावातल्या या चुका टाळा

०-३ ने हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोरांना यवतेश्वरचा घाट चढवला होता. राग माझा, पाय त्यांचे. बुधवारपर्यंत दोघांची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरली आणि पुढच्या रविवारी ते बाकावर बसले.

निकाल बघून आठवड्याचा ताण ठरवणं, ही साताऱ्याच्या मैदानांवरची सगळ्यात जुनी खोड. व्यावसायिक खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो, त्यात स्प्रिंट, म्हणजे पूर्ण वेगातल्या धावाही आल्या. तो थकवा उतरायला ४८ ते ७२ तास जातात. तुम्ही जिंकलात की हरलात, हे स्नायूंना कळत नाही. शिवाय हरल्यावर कोच सराव वाढवतो, म्हणून वहीत जड आठवडे आणि पराभव शेजारी-शेजारी दिसतात. कशामुळे काय झालं, हे त्यावरून ठरत नाही. समोरचा संघ, एखादी पेनल्टी, एखादं लाल कार्ड यांचं वजन कितीतरी जास्त असतं.

दुसरी चूक, तास मोजणं. ‘रोज दोन तास घेतो’ म्हणजे ताण किती? सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारा, ० ते १० मध्ये किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं आणि ६ म्हणजे ५४०. ४५ मिनिटं आणि ८ म्हणजे ३६०. आठवड्याची बेरीज ठेवा. गेले चार आठवडे १,५०० च्या आसपास असताना एकदम २,५०० झाली, तर हात आवरा. या आठवड्याची बेरीज भागिले चार आठवड्यांची सरासरी, हे गुणोत्तर ०.८ ते १.३ मध्ये हवं, असं सांगतात खरं, पण त्या गणितावर संशोधकांनीच नंतर बरेच आक्षेप घेतलेत. इशारा म्हणून बघा, कायदा म्हणून नको.

आणि हो, एकेकाला बाजूला घेऊन विचारा. घोळक्यात कॅप्टन ‘४’ म्हणाला की सगळे ४.

बाकावरची पोरं विसरू नका. सामना हाच आठवड्यातला सगळ्यात मोठा सराव, आणि तोच त्यांचा हुकतो. शिट्टी वाजल्यावर त्यांच्याकडून थोडे स्प्रिंट करून घ्या.

रविवारी सामना असेल तर जड काम बुधवार-गुरुवारी, शनिवार हलका.

इंग्लंडचा लेस्टर क्लब २०१५-१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकला तेव्हा त्यांचे कोच रानिएरी आठवड्यात दोन पूर्ण सुट्ट्या द्यायचे, म्हणून आपणही देऊ, असं कोणी म्हणेल. पण त्या वर्षी त्यांना युरोपातले मधल्या वारचे सामनेच नव्हते. सुट्टीची नक्कल करण्याआधी वेळापत्रक बघा.

एरवी ४ सांगणारा पोरगा त्याच सरावाला ८ म्हणाला, तर आधी झोपेचं विचारा. एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेल्याचा तो ८ मैदानावरचा नसतो. त्याला घरी झोपायला पाठवा.