लांब फुगा पिळताना शेपूट सोडा

लांब फुग्याचा कुत्रा करताना फुगा मध्येच फुटला, तर दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो, जास्त भरलेल्या हवेचा असतो. २६० नंबरचा फुगा (पूर्ण फुगल्यावर साधारण २ इंच जाड, ६० इंच लांब) टोकापर्यंत भरायचाच नाही. प्रत्येक पिळ्यागणिक हवा पुढे ढकलली जाते, तिला जायला जागा हवी. साध्या कुत्र्यासाठी टोकाला चार बोटं शेपूट रिकामी ठेवा. पिळे जास्त, तर शेपूट लांब. तलवारीला मात्र थोडकी पुरते. गाठ मारण्याआधी तोंडाकडून किंचित हवा सोडा, फुगा मऊ पडला की पिळा छान बसतो. सगळे पिळे एकाच दिशेने द्या आणि कान जोडेपर्यंत पहिला पिळा चिमटीतून सोडू नका, नाहीतर सगळं उलगडतं. तोंडाने फुगवण्याची हौस नको, हातपंप घ्या. फुटलेले तुकडे लगेच उचला, लहान मुलांच्या घशात अडकतात. लॅटेक्सची (फुग्याच्या रबराची) ॲलर्जी आहे का, तेही पालकांना आधीच विचारा.

फुग्यांसोबत मुलांचे चेहरेही रंगवणार असाल, तर त्वचेसाठी बनवलेलेच रंग वापरा. चित्रकलेच्या ॲक्रिलिक रंगाच्या बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं तरी ते गालासाठी नव्हे. प्रत्येक मुलाला वेगळा स्पंज. पुरळ किंवा जखम दिसली तर त्या मुलाला रंगवण्याऐवजी फुगा द्या, ते खूश होतं.

आणि मुलांची रांग वेळ संपायच्या बरीच आधी बंद करा. शेवटच्या मुलाला तसं सांगून ठेवलं, की तेच मागच्यांना मोठ्या रुबाबात परतवतं!