हिजाबच्या कायद्यावर बोलायला उभं राहण्याआधी

वादविवाद स्पर्धांसाठी मी मुलांची तयारी करून घेते. ‘हिजाबवर कायद्यानं बंदी असावी का’ हा विषय निघाला की पहिल्याच वाक्याला आवाज चढतो. तो चढण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: कायदा कोणत्या कपड्याबद्दल आहे, कोणत्या जागेपुरता आहे, कुणाला लागू आहे, आणि मोडला तर शिक्षा काय.

कपड्यापासूनच घोळ सुरू होतो. हिजाब केस आणि मान झाकतो, चेहरा उघडा असतो. नकाबात डोळे तेवढे दिसतात. एक मुलगी सरावात ठासून म्हणाली, ‘फ्रान्समध्ये रस्त्यावर हिजाब घालता येत नाही.’ समोरच्यानं खंडनात तिला तिथंच धरलं, कारण तिनं दोन कायदे एकात मिसळले होते. 2004 चा कायदा सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यात ठळक दिसणारी सगळीच धार्मिक चिन्हं येतात, शिखांची पगडी आणि ज्यूंची टोपीसुद्धा. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना तो लागू नाही. 2010 चा कायदा सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्याबद्दल आहे. त्यात दंड 150 युरोपर्यंत. पण दुसऱ्यावर चेहरा झाकण्याची सक्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि 30,000 युरो दंड होऊ शकतो. बहुतेक वक्ते इथवर वाचतच नाहीत. खरं तर ‘घरच्यांच्या दडपणाचं काय?’ या प्रश्नावर बोलायचं तर हेच कलम हाताशी हवं. दडपण आणणाऱ्याला शिक्षा करणं वेगळं आणि दडपण सोसणारीकडूनच दंड वसूल करणं वेगळं.

कोणत्याही बाजूनं बोला, इराण टाळू नका. 1936 मध्ये तिथल्या राजानं, रझा शहानं, पडदा उतरवण्याचा हुकूम काढला. पोलीस रस्त्यात बायकांच्या चादोर, म्हणजे डोक्यावरून अंगभर घ्यायची वस्त्रं, ओढून काढत, म्हणून कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. 1979 च्या क्रांतीनंतर त्याच देशात सक्ती उलट्या दिशेनं आली, आणि 1983 च्या कायद्यात डोकं न झाकणाऱ्या बाईला 74 फटक्यांपर्यंत शिक्षा ठरली. सप्टेंबर 2022 मध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली 22 वर्षांची महसा अमिनी कोठडीत कोसळली आणि दगावली. त्यानंतर इराणी बायकांनी भर रस्त्यात हिजाब जाळले. माझं मत मी मुलांपासून लपवत नाही: सज्ञान बाईच्या डोक्यावर काय असावं हे सरकारनं ठरवू नये, ना घालायला लावून, ना काढायला लावून. पण हे मत मांडणाऱ्यानं समोरचा सगळ्यात भक्कम मुद्दा स्वतःच्या तोंडानं मांडायला हवा. सहा-सात वर्षांच्या मुलीची ‘निवड’ कितपत तिची? न्यायाधीश किंवा शिक्षिका सरकारचा चेहरा असते, तेव्हा तिनं तटस्थ दिसायला हवं का? हे प्रश्न खरे आहेत. ‘पण स्वातंत्र्य!’ म्हणून ते उडवून लावू नका.

निकाल वाचताना सावकाश जा. कर्नाटक उच्च न्यायालयानं 15 मार्च 2022 रोजी हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही असं ठरवलं आणि वर्गात हिजाब घालू न देणारा गणवेशाचा नियम कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 ला दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. न्या. हेमंत गुप्तांनी त्या निकालाविरुद्धची अपिलं फेटाळली. न्या. सुधांशू धुलियांनी ती मान्य केली. त्यांच्या मते प्रथा अत्यावश्यक आहे का, या वादात शिरायचं कारणच नव्हतं. प्रश्न निवडीचा होता आणि मुलींच्या शिक्षणाचा. प्रकरण नवं खंडपीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. त्यामुळे ‘सुप्रीम कोर्टानं बंदी उचलून धरली’ हे चूक आणि ‘रद्द केली’ हेही चूक. मी काय करते, ज्याला त्याला विरुद्ध मत वाचायला लावते: बंदीला अनुकूल बाजूच्या मुलाला धुलियांचं मत मोठ्यानं आणि प्रतिकूल बाजूच्याला गुप्तांचं. अर्धा तास जातो, पण नंतरची भाषणं वेगळीच होतात.

परदेशातले निकालही जोडीनं घ्या. फ्रान्सची चेहरा झाकण्यावरची बंदी युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं 2014 मध्ये वैध ठरवली, तर 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं त्याच बंदीत दोन स्त्रियांच्या हक्कांचा भंग झाल्याचं म्हटलं. तुम्ही एकच सांगितलात तर दुसरा समोरून येणारच.

भाषणातून ‘बिचाऱ्या’, ‘त्यांच्यात असंच असतं’ हे आधी काढा. आणि गटात मुस्लिम मुलगी असेल तर ‘तूच सांग’ म्हणून सगळ्या समाजाचं ओझं तिच्यावर टाकू नका. इतरांसारखीच तिलाही बाजू निवडू द्या. तिनं कोणतीही निवडली तरी कारण विचारायला जाऊ नका.