दोन पत्ते, दिसतो एक: हातचलाखीचा पहिला धडा

पत्त्यांची जादू शिकायची असेल तर सुरुवात एकाच हालचालीपासून करा: दोन पत्ते असे उलटायचे की बघणाऱ्याला एकच दिसावा. जादूगार याला डबल लिफ्ट म्हणतात.

कॅट कागदी घ्या. रमीचे प्लास्टिकचे पत्ते फार निसटतात. सांगलीच्या एप्रिलात बोटांना घाम सुटतो आणि पत्ते चिकटून बसतात, म्हणून आधी हात धुऊन कोरडे करा. पावडर लावायच्या फंदात पडू नका, काळ्या शर्टावर सगळं उघडं पडतं.

पहिले दोन-तीन दिवस दोन पत्त्यांना हातच लावायचा नाही. एकच पत्ता उलटा. शंभरदा उलटा आणि मोबाइलवर शूट करून बघा. मेंढीकोट खेळताना वरचा पत्ता आपण किती सहज उलटतो! कुणी त्याच्याकडे टक लावून बघत नाही, जपून चिमटीतही धरत नाही. नवशिके उलटं करतात: दोन पत्ते उलटायची एक खास पद्धत शिकतात आणि एकट्या पत्त्याला मात्र नेहमीसारखंच उलटतात. फरक तिथेच कळतो. तुमचा एक पत्ता जसा उलटतो, तसेच दोन उलटले पाहिजेत.

आता पकड. कॅट डाव्या हातात, वाटायला धरतो तसा: अंगठा डाव्या कडेवर, तर्जनी पुढच्या कडेला, बाकीची बोटं उजवीकडे. उजवा हात वरून आणा, जणू पत्ते सारखे करताय. उजव्या अंगठ्याने मागच्या कडेवरून वरचे दोनच पत्ते केसभर उचला आणि डाव्या करंगळीच्या टोकाचं मांस त्या फटीत अडकवा. फट समोरून दिसता कामा नये. इथे लागतो वेळ. दोनच्या जागी तीन येतील, कधी एकच येईल. टीव्ही बघताना हात चालू ठेवा, आठवड्याभरात अंगठा मोजायला लागतो.

फट मिळाली की उजव्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने दोन्ही पत्त्यांच्या आखूड कडा धरा, सोबत उचला आणि पुस्तकाचं पान उलटावं तसे कॅटवर सुलटे ठेवा. समजा बदामाची दश्शी दिसली. पत्ता मोठ्याने सांगा. पुन्हा फट घेऊन दोन्ही पालथे करा. आता वरचा एकटा पत्ता काढा आणि चेहरा न दाखवता कॅटच्या मधोमध सारा. लोकांच्या मते दश्शी आत गेली. ती तर वरच आहे! टिचकी मारा आणि वरचा पत्ता उलटा.

माझी फजिती एका लग्नात झाली. पत्ते उचलताना दुसरा जरा बाजूला सरकला आणि पुढ्यातला पोरगा ओरडला, "काका, मागं अजून एक हाय की!" हात चुकला हे खरं, पण त्याआधी डोळे चुकले होते. मी फटीकडे बघत होतो, म्हणून तोही तिथेच बघत होता. फट घेताना समोरच्याच्या डोळ्यांत बघून काहीतरी विचारा: "रमी खेळता का कधी?" तो उत्तर द्यायला मान वर करतो, तेवढ्यात काम होतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये जिथे 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं, त्या सांगलीत राहून अभिनय सोडून नुसती बोटंच घासत बसलो, याची मला तेव्हा लाज वाटली.

एका बैठकीत हीच युक्ती पुन्हा दाखवू नका, आग्रह झाला तरी. कुठलीही युक्ती तीनदा पाहिली की ओळखतो, अशी नामांकित जादूगार हूडिनीची फुशारकी होती. 1922 मध्ये शिकागोत डाय व्हर्नन या जादूगाराने हूडिनीने सही केलेला पत्ता पुन्हा पुन्हा वर आणून त्याला चकवलं. पण ते व्हर्नन होते. आपण भडंगाचा पुडा पुढे करावा आणि कॅट खिशात घालावा.