मंडळीला आपण काय देणार, हे घरी बसून कसं ठरवायचं

कारभारीपण, म्हणजे देवाने दिलेलं नीट सांभाळून वापरणं, असं म्हटलं की बऱ्याच जणांना फक्त दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, आठवतो. पण मंडळी, म्हणजे आपलं चर्च, चालते ती पैसा, वेळ आणि अंगातलं कसब या तिन्हींवर, आणि तिन्ही आधी ठरवून द्यावं लागतं. रविवारी दानाची थैली समोर आल्यावर खिशात हात घालून जे लागेल ते टाकलं तर ते उरलंसुरलंच असणार. बायबलमधे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला सांगितलं होतं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६:२), म्हणजे शेजारच्याने किती दिलं ते बघायचंच नाही.

तर पगार झाला की नवरा-बायको, आणि मुलं कळती असतील तर तीपण, एकत्र बसा, प्रार्थना करा, आकडा ठरवा. दशमांश जमत असेल तर उत्तम, पण घराचा हप्ता आहे, आजारपण आहे, नाही जमत, तर जेवढं नक्की जमेल तेवढ्यापासून सुरू करा, फक्त दर महिन्याला न चुकता, कारण पाळकांचा (म्हणजे पास्टरांचा) पगार आणि लाईट बिल दर महिन्यालाच असतं, ख्रिसमसला दिलेली मोठी रक्कम जुलैमधे कामाला येत नाही. पाकिटात घालून द्या किंवा चर्चच्या खात्यावर यूपीआय करा आणि पावती घ्याच. कोणाच्या पर्सनल नंबरवर पाठवू नका, माणूस कितीही विश्वासू असला तरी, त्याच्यावर उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून. नोकरी गेली तर आकडा कमी करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि हातात रोख नसेल तरी देता येतं. मिझोरममधल्या ख्रिस्ती बायकांनी १९१० मधे रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढायला सुरुवात केली, त्याला बुहफाई थाम म्हणतात, ते अजून चालू आहे आणि त्यातून चर्चचं केवढं तरी काम उभं राहिलं. आपल्याकडे हार्वेस्टला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला, लोक भोपळा, नारळ, ज्वारी, कोंबडी घेऊन येतात आणि मग लिलाव होतो, तेपण तेच.

वेळेच्या बाबतीत मात्र आपण फार ढिले आहोत असं मला वाटतं. "काहीपण सांगा, करतो" असं म्हणून कोणाचंच काम होत नाही. एकच काम निवडा, एका वर्षासाठी, आणि सेक्रेटरीला तसं स्पष्ट सांगा. संडे स्कूलचा वर्ग घेतला तर धडा शनिवारीच तयार पाहिजे, सकाळी चर्चच्या पायरीवर बसून नाही. ज्या आजी-आजोबांना एकट्याने येता येत नाही त्यांना रिक्षाने आणून परत सोडणं, हॉस्पिटलमधे कोणी अॅडमिट असेल तर दोघांनी मिळून भेटायला जाणं, ही कामं कोणी मागून घेत नाही, ती मागून घ्या. एखाद्या रविवारी जमणार नसेल तर बदली माणूस तुम्हीच शोधा, आणि वर्षभरात अजून एकाला ते काम शिकवून ठेवा.

कसबाचं सांगायचं तर नारायण वामन टिळक १८९५ मधे ख्रिस्ती झाले, त्यांच्याकडे होती कविता, ती त्यांनी मंडळीला दिली आणि आपण आजपण त्यांची भजनं गातोय. तुम्ही इलेक्ट्रिशियन असाल तर चर्चचं वायरिंग बघा, नर्स असाल तर उपासनेनंतर म्हाताऱ्या माणसांचं बीपी तपासा, अकाउंट्स येत असतील तर ट्रेझररला मदत करा.

हिशोबाबद्दल. २ करिंथ ८ मधे पौल दानाची रक्कम न्यायला एकट्या माणसाला पाठवत नाही, तीत या आपल्या सहकाऱ्यासोबत अजून विश्वासी भाऊ पाठवतो, कोणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून. त्यामुळे थैली मोजताना नेहमी दोघं-तिघं असावेत आणि तिथेच सह्या व्हाव्यात. चर्च पब्लिक ट्रस्ट म्हणून रजिस्टर असेल तर महाराष्ट्रात ऑडिट करावंच लागतं, तो रिपोर्ट मंडळीसमोर ठेवायला सांगा. दान देणाऱ्यांची नावं आणि रकमा उपासनेत वाचून दाखवायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी, कमी देणारा माणूस त्या दिवशी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो.

वार्षिक सभेला हिशोब वाचून जा. निर्णय पटला नाही तर तिथेच बोला, मिनिट्समधे लिहून घ्यायला सांगा, आणि पुढच्या महिन्याचं पाकीट तरीपण वेळेवर द्या.