गलाईच्या दुकानातील तांबूस धूर : या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या माण-खटाव भागातून बाहेर पडलेल्या गलाई बांधवांची, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांची दुकाने आज दक्षिणेत केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेत दिल्लीपर्यंत सराफ बाजाराच्या गल्ल्यांमध्ये आहेत. दुकान म्हणजे बहुधा एक अरुंद खोली, तिच्यात भट्टी, ॲसिडचे भांडे, वजनकाटा आणि वर पोटमाळा. चोरीच्या भीतीने खिडक्या कमी असतात आणि असलेल्याही बंद असतात. अशा खोलीत आग आणि ॲसिडचे चटके यांची काळजी सगळेच घेतात. श्वासावाटे जे आत जाते त्याकडे मात्र ‘धंद्यात एवढे चालायचेच’ असे म्हणून दुर्लक्ष होते.

मोडीचे सोने शुद्ध करताना त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून ते वितळवतात, त्याचे दाणे किंवा पातळ पत्रा करतात आणि तो नायट्रिक ॲसिडमध्ये तापवतात. चांदी-तांबे विरघळून जाते आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. या वेळी भांड्याकडे नीट पाहिले तर द्रावणातून वर येणारे बुडबुडे रंगहीन दिसतात आणि हवा लागताच काठाशी त्यांचा तांबूस-पिवळा धूर होतो. हा नायट्रोजन डायऑक्साइड. गरम असेपर्यंत तो वर चढतो, पण हवेपेक्षा जड असल्याने थंड झाला की बसलेल्या माणसाच्या उंचीवर रेंगाळतो.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे धोका नाकाडोळ्यांना होणाऱ्या त्रासावरून मोजणे. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो, त्यामुळे तो नाकातोंडाच्या ओलाव्यातच झोंबतो आणि माणूस पळ काढतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात सावकाश विरघळतो, म्हणून घशात थोडी खवखव आणि जरासा खोकला एवढ्यावर भागते आणि वायू फुप्फुसाच्या अगदी खोलवरच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतो. तेथे तो ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतो, पातळ पडद्यांना इजा करतो आणि फुप्फुसात पाणी साचू लागते. हे घडायला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवसही जातो. सकाळी धूर लागलेला माणूस दुपारी व्यवस्थित जेवतो, हिशेब करतो आणि रात्री झोपेतून धाप लागून उठतो.

रंगावर भिस्त ठेवणे ही तिचीच जोडचूक आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ ला जी अनुसूची जोडली गेली, तिच्यात या वायूची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ३ पीपीएम आणि १५ मिनिटांसाठी ५ पीपीएम अशी दिली होती, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत जेमतेम तीन ते पाच भाग. एवढ्या प्रमाणात तो डोळ्यांना दिसतच नाही आणि वासाला नाक थोड्या वेळात सरावते. भांड्यावरचा रंग फिका पडला की काम संपत आले असे कारागीर ओळखतो आणि ते बरोबरही असते. पण नेमके तेव्हाच तो खात्री करण्यासाठी भांड्यावर वाकतो.

‘एक्झॉस्ट पंखा बसवला आहे’ हे उत्तर सगळीकडे ऐकू येते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. पंखा भांड्याच्या समोरच्या, म्हणजे कारागिराच्या पाठीमागच्या भिंतीवर छताजवळ असेल तर तो भांड्यातील धूर कारागिराच्या चेहऱ्यावरून ओढत नेतो. भांडे तीन बाजूंनी बंद असलेल्या खोक्यात ठेवावे, हवा त्या खोक्याच्या वरून किंवा मागून ओढली जावी आणि तोंडाशी तिचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा. तपासणी सोपी आहे. उदबत्ती पेटवून खोक्याच्या तोंडाशी सर्व कोपऱ्यांत फिरवावी. तिचा धूर सरळ आत गेला पाहिजे. तो घुटमळत असेल किंवा बाहेर येत असेल, तर आधी दार पाहावे, कारण दार-खिडक्या घट्ट बंद असतील तर बाहेरून हवाच आत येत नाही आणि पंखा नुसता फिरतो. दार उघडताना कुणी धरून ठेवल्यासारखे जड लागले तर दोष हाच समजावा. तरीही ओढ कमी असेल तर पाती ॲसिडने खाल्ली आहेत का ते पाहावे. थ्री-फेज ब्लोअरची नुकतीच दुरुस्ती झाली असेल तर तो उलटा फिरत नाही ना हेही बघावे, कारण उलटा फिरणारा ब्लोअरही थोडीफार हवा ओढतो आणि म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. शेवटी पाइप तपासावा. पत्र्याचा पाइप या धुराने गंजून त्याला भोके पडतात आणि तो पोटमाळ्यावरून गेलेला असेल, तर रात्री तेथे झोपणाऱ्या मुलांच्या उशाशीच धूर सुटतो. पीव्हीसीचा पाइप घालावा. स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा देतो, त्याचा येथे काहीही उपयोग नाही. धूर तसाच गल्लीत सोडल्यास शेजारी तक्रार करतात आणि मग पंखाच बंद ठेवला जातो. त्यापेक्षा धूर आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन सोडण्याची सोय करावी.

मास्कविषयी गैरसमज मोठा आहे. रुमाल, सर्जिकल मास्क किंवा एन-९५ हे फार तर कण अडवतात, वायू त्यांतून आरपार जातो. रंगकामासाठी मिळणारे कोळशाचे फिल्टरही या वायूला नीट धरत नाहीत. त्यासाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांकरिता प्रमाणित केलेलाच फिल्टर लागतो आणि तोही खोक्याला पर्याय ठरत नाही.

काम उरकण्यासाठी सगळा माल एकदम ॲसिडमध्ये टाकू नये. उष्णता वाढून प्रक्रिया हाताबाहेर जाते आणि खोली मिनिटभरात तांबूस होते. सांडलेले नायट्रिक ॲसिड लाकडाचा भुसा किंवा गोणपाट टाकून पुसणे त्याहून घातक आहे, कारण त्यातून तोच धूर निघतो आणि आगही लागू शकते. त्यावर चुना किंवा धुण्याचा अथवा खाण्याचा सोडा टाकावा.

एका धोक्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. केडीएमचे दागिने, म्हणजे ज्यांचे सांधे कॅडमियम मिसळलेल्या डागाने (सांधा जोडण्यासाठी वितळवायच्या मिश्रधातूने) जोडलेले आहेत असे दागिने, हॉलमार्कच्या काळात मागे पडले. पण ते आता मोड म्हणून गलाईच्याच दुकानात येतात. सोने १०६४ अंशांना वितळते आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते, त्यामुळे मूस तापत असतानाच सांध्यांतील कॅडमियम वाफ होऊन उडून जाते. तो धूर एकदम लागला तर ताप आणि अंगदुखी येते, ती फ्लूसारखी वाटते आणि तिचाही शेवट फुप्फुसात पाणी होण्यात होऊ शकतो. थोडाथोडा वर्षानुवर्षे लागत राहिला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, शिवाय कर्करोगाचा धोका वेगळाच. म्हणून केवळ ॲसिडच्या भांड्यावर नव्हे, तर भट्टीवरही धूर ओढून नेणारा हूड हवाच.

धूर लागल्यावर गूळ-दूध देऊन झोपवणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. दूध पोटात जाते, इजा फुप्फुसात झालेली असते. धूर लागलेल्या माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, चालायला किंवा जिना चढायला लावू नये, कारण श्रमाने त्रास वाढतो, आणि बरे वाटत असले तरी रुग्णालयात नेऊन किमान चोवीस तास देखरेखीखाली ठेवावे. डॉक्टरांना ‘गॅस लागला’ एवढेच न सांगता ‘नायट्रिक ॲसिडचा तांबूस धूर लागला’ असे स्पष्ट सांगावे, कारण सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो आणि हे नाव कानावर नसेल तर खोकल्याचे औषध देऊन घरी पाठवले जाते. घरी सोडल्यानंतरही सुमारे दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा धाप लागू शकते. त्या वेळी तिला दमा समजू नये आणि डॉक्टरांना आधीच्या प्रसंगाची तारीख सांगावी.