पेमेंट्स बँकेवरील प्रश्न: पाठांतर किती, तर्क किती

राज्यसेवेच्या किंवा बँक भरतीच्या परीक्षेत पेमेंट्स बँक आणि लघु वित्त बँक यांवर प्रश्न आला, की बहुतेक उमेदवार तरतुदींची यादी आठवू लागतात. त्याऐवजी एक भेद पक्का धरावा: पेमेंट्स बँक ठेवी घेते, पण कर्ज देत नाही; लघु वित्त बँक दोन्ही करते. सर्वांपर्यंत बँकसेवा पोहोचवण्यासाठी नेमलेल्या नचिकेत मोर समितीच्या जानेवारी 2014 मधील अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन्ही प्रकारांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. स्थलांतरित मजुराला पैसे ठेवता आणि गावी पाठवता यावेत, हे पहिलीचे काम. अल्पभूधारक शेतकऱ्याला आणि छोट्या उद्योगाला कर्ज मिळावे, हे दुसरीचे.

या भेदावरून बरेच पर्याय आपोआप गळतात. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी, म्हणून पेमेंट्स बँकेला ते देता येत नाही. डेबिट कार्डाने ग्राहक स्वतःचेच पैसे खर्च करतो, म्हणून ते चालते. जनधन खात्यावरील 10,000 रुपयांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढण्याची सोय, हेही कर्जच असल्याने तो पेमेंट्स बँकेकडून मिळणार नाही. तिच्या ॲपवर कर्जाची जाहिरात दिसली, तरी ते कर्ज दुसऱ्या संस्थेचे असते. ही बँक केवळ मध्यस्थ असते.

खरी कसोटी विधान-कारण प्रकारात लागते. समजा, विधान असे आहे: ‘पेमेंट्स बँकेला रोख राखीव प्रमाण पाळावे लागत नाही’, आणि कारण: ‘ती कर्ज देत नाही’. कारण बरोबर आहे, म्हणून विधानही बरोबर वाटू लागते. रोख राखीव प्रमाण म्हणजे ठराविक रक्कम रिझर्व्ह बँकेकडे ठेवण्याचे बंधन. येथे थांबून हे बंधन कशावर मोजले जाते, असे विचारावे. ते ठेवींवर म्हणजे बँकेच्या देण्यांवर मोजले जाते, कर्जवाटपावर नाही. ठेवी आहेत, म्हणजे बंधनही आहे. विधान चूक, कारण बरोबर. ठेव विम्याचा प्रश्नही याच वाटेने सुटतो.

काही तरतुदी मात्र तर्काने हाती लागत नाहीत. पेमेंट्स बँक मुदत ठेव घेत नाही आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवीही स्वीकारत नाही, हे लक्षातच ठेवावे लागते.

आकड्यांत सर्वाधिक गोंधळ 75 आणि 25 यांचा होतो, आणि प्रश्नकर्त्यांना तो चांगला ठाऊक असतो. पेमेंट्स बँकेने मागणी ठेवींपैकी (ग्राहकाला केव्हाही काढता येणाऱ्या ठेवींपैकी) किमान 75 टक्के रक्कम एक वर्षापर्यंतच्या सरकारी रोख्यांत गुंतवायची असते आणि कमाल 25 टक्के इतर बँकांत ठेवता येते. लघु वित्त बँकेसाठी 75 टक्के हे प्राधान्य क्षेत्राच्या, म्हणजे शेती, छोटे उद्योग अशा क्षेत्रांच्या, कर्जाचे मूळ लक्ष्य होते, जे 2025 मध्ये 60 टक्क्यांवर आणले गेले. शिवाय तिच्या 25 टक्के शाखा बँक नसलेल्या ग्रामीण भागात हव्यात आणि निम्मी कर्जे 25 लाखांपर्यंतची हवीत. पेमेंट्स बँकेतील ठेवीची मर्यादाही 2021 मध्ये एका लाखावरून दोन लाख झाली. म्हणून वहीत प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहावे, आणि पर्यायांत 75 व 60 दोन्ही दिसले, तर प्रश्न मूळ तत्त्वांविषयी आहे की सध्याच्या नियमाविषयी, हे आधी पाहावे.