दारू सोडणाऱ्यांचा गट सातारा-सांगलीत कसा शोधावा

गट शोधायला निघण्याआधी शरीराकडे बघा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोटभर पोटात गेल्यावरच स्थिर होतात, अशी अवस्था असेल तर घरी बसून एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याला शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत घाम, मळमळ, थरकाप सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, आणि हे जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी सिव्हिलला जा : साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय. फिट आली किंवा बडबड सुरू झाली तर थेट १०८.

हे निस्तरलं की गट.

केंद्र आणि गट यांत लोक गल्लत करतात. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होऊन राहायचं असतं. गट म्हणजे आठवड्यातून एक-दोनदा तास-दीड तास एकत्र बसणारी, दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं. तिथे ना खाट असते ना डॉक्टर. केंद्रातून घरी आल्यावर पुढची वर्षं टिकायला मात्र गटच उपयोगी पडतो.

विचारायचं कुठे? सिव्हिलमध्येच समाजसेवा अधीक्षकांना भेटा. केसपेपर काढताना या माणसाचं नाव कोणी सुचवत नाही, पण शहरात कुठे बैठका होतात हे त्यांना बहुधा माहीत असतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या ‘परिवर्तन’ केंद्रात विचारा. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत. ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे एए, या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संघटनेच्या बैठका भारतातही होतात. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावरून आपल्या भागातला संपर्क मिळवा.

मिळालेल्या पत्त्यावर सरळ जाऊ नका, आधी फोन करा. बैठकीची जागा पुष्कळदा मागून घेतलेली असते : शाळेचा वर्ग, एखादा हॉल. परीक्षा लागल्या की वार बदलतो, जागा बदलते, यादीत जुनंच राहतं. मग माणूस हिय्या करून जातो, दाराला कुलूप बघतो आणि परतताना वाटेवरच्या ओळखीच्या बारमध्ये शिरतो. फोनवर चारच प्रश्न पुरतात : या आठवड्यात बैठक कुठे आणि किती वाजता आहे, खुली आहे की फक्त पिणाऱ्यांसाठी, घरच्या माणसाला आणलं तर चालेल का, गेटवर कोणी भेटेल का. शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका.

दोन-तीन पर्याय मिळाले तर नावाला भुलू नका, घड्याळ बघा. रोज ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्या वेळेची बैठक सगळ्यात उपयोगी. दुसरी गोष्ट एसटीची. साडेआठला बैठक सुटली आणि गावाची शेवटची गाडी सव्वाआठला गेलेली असेल, तर तो गट कितीही चांगला असला तरी तुमच्या कामाचा नाही. माण-खटाव किंवा जतसारख्या लांबच्या भागातून येणाऱ्यांनी महिन्यातून एक-दोनदा प्रत्यक्ष आणि बाकी मोबाईलवरची ऑनलाइन बैठक, असा मेळ घालावा. बाईला स्वतःसाठी गट हवा असेल तर फोनवर आधीच सांगावं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत पहिल्याच दिवशी एकटीने बसणं सोपं नसतं.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा. नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी चालतं, आडनाव आणि गाव कोणी विचारत नाही. एकेक जण स्वतःबद्दल बोलतो, मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. बोलायचं नसेल तर “आज मी ऐकतो” म्हणा. एएमध्ये फी नाही. पिशवी किंवा डबा फिरतो, पहिल्या दिवशी काही टाकलं नाही तरी चालतं. गटाच्या नावाखाली कोणी आगाऊ मोठी रक्कम मागत असेल किंवा ‘पेशंट उचलून नेतो’ म्हणत असेल, तर तिथून निघा. निदान चार-पाच बैठका झाल्याशिवाय गट पटला नाही असं ठरवू नका. आणि ओळखीचा कोणी दिसला तर? तोही त्याच कामासाठी आलाय.

घरच्यांनी जेवणातून गुपचूप औषध देऊ नये. दारू सोडवणाऱ्या काही गोळ्यांवर दारू पडली की रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, आणि माणसाचा घरच्यांवरचा विश्वास जातो तो वेगळाच. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ नावाचे स्वतंत्र गट असतात, त्याचीही त्याच फोनवर चौकशी करा. माळ घालून सुटलेली माणसं आपल्याकडे आहेत. माळ असली तरी गटाला जायला आडकाठी नाही.

गटातल्या दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि बरे असतानाच एकदा लावून बघा. उसाचं बिल जमा होतं तो दिवस, गावची जत्रा, गटारी आणि लग्नाची वरात आधीच हेरून ठेवा. त्या दिवशी सकाळी फोन, संध्याकाळी बैठक. तरीही घसरण झाली तर पुढच्याच बैठकीला जा. पिऊन आलेल्याला बहुतेक ठिकाणी बसू देतात, फक्त बोलू देत नाहीत. मात्र घसरण होऊन सलग काही दिवस पिणं झालं असेल तर गटाआधी पुन्हा सिव्हिल.